यंदाचा मुराळी

सावदा, २० एप्रिल

रूपाअक्का,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. त्यांनी मला वापरायला दिलेली मोटारसायकल धड आहे, आधी तेच सांगतो.

वरणगावचं हॉटेल सोडलं. मालक चांगला होता, पण एकाच भिंतीकडं तोंड करून किती दिवस पोहे परतायचे? इथं केळीचे ट्रक भरतो, रोज नवा मळा. काल एका घडात खारीचं घरटं निघालं, तर कौतिक मुकादमानं तो घड कापूच दिला नाही. असो. लिहायला बसलो होतो आखाजीचं, मुराळी होऊन तुला सणाला माहेरी आणायचं.

परवा फोनवर बोबडं बोलत होतो ना? भज्यानं जीभ भाजली नव्हती. चावली होती. डोक्यावर घड होता, मग मी जमिनीवर. मधलं काहीच माझ्याकडं नाही. फीट आली म्हणे. कौतिकनं चप्पल हुंगवली, एकजण दातांत चमचा कोंबत होता. केळी धुणाऱ्या बेबाबाईनं तो हिसकला आणि मला कुशीवर वळवलं.

खरं वाईट नंतरचं. आधी कान परत आले, मग डोळे. माणसं दिसत होती, पण नावंच नव्हती. कौतिक विचारे, "तुन्हं नाव काय शे रे?" मी म्हटलं, "रूपा."

"मंग ऊठ रूपाबाई, चहा पी!" सगळे हसले. मला रडू आलं, कशाचं ते कळेना. मग नुसती झोप. अजून अंग असं दुखतं, जसा अख्खा मळा एकट्यानं वाहिला. बोलताना शब्द हाताला लागत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, मेंदू दमतो, हळूहळू जागेवर येतो. गोळ्या चुकवू नको. आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही.

म्हटलं, फक्त आखाजीला शिंदखेड्याहून बहिणीला जामनेरला आणायचंय.

"म्हणजे मागं बहीणच बसणार ना?" म्हणाले.

तरी आज सकाळी गाडी काढली. बांधापर्यंत नेली. तू पोटुशी. परत आणून लावली.

चावी या पत्राच्याच पाकिटात आहे, भाऊजींना दे. गाडी कौतिकच्या ओट्यापाशी आहे. मुराळी येणार, पण एसटीनं. आईला मीच सांगेन.

वाटेत काही झालं तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको. शुद्ध आली तरी घाई करू नको, नाव विचारत राहा. आधी तुझंच सांगेन. माझं येईल मागाहून.

तुझाच,
योगराज