त्याला ड्रॅग रेस म्हणू नका

सोमवार, ४ मार्च

पेपरच्या वार्ताहराने माझं बोलणं तोडून फोन आपटला, म्हणून ही वही उघडली. कुठेतरी बोलायलाच हवं, नाहीतर रक्तदाब वाढेल.

काल पहाटे बाह्यवळण रस्त्यावर दोन गाड्यांनी शर्यत लावली. रात्रपाळी संपवून स्कूटरवरून घरी चाललेल्या नर्सला एकीने उडवलं. बाईच्या पायाचा चुरा झालाय. तो गाडीवाला जागीच सापडला. दुसरी गाडी पळाली. आणि आजचा मथळा – ‘ड्रॅग रेसचा थरार, परिचारिका गंभीर’.

ड्रॅग रेस आमच्या क्लबात होते. विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर, परवाना काढून. सरळ पट्टी, दोन गाड्या, दोन्ही बाजूंना कठडे, टोकाला रुग्णवाहिका. प्रत्येक गाडी मी स्वतः तपासते. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तरी माघारी पाठवते. पोरं माझ्यामागे मला हेडबाई म्हणतात. म्हणोत.

वार्ताहराला एवढंच सांगितलं, की याला बेकायदा शर्यत म्हणा. तर म्हणतो, “मावशी, वाचकांना काय फरक पडतो?”

मी याची मावशी कधी झाले? म्हटलं, “उद्या कुणी कुणाच्या पोटात चाकू खुपसला, तर शस्त्रक्रिया केली म्हणून छापाल का?”

इथे फोन आपटला.

मंगळवार, ५ मार्च

गेल्या वर्षी याच पेपरच्या एका मोठ्या जाहिरातदाराच्या चिरंजीवांनी भर चौकात गाडी दुकानात घातली होती. तेव्हा ‘तरुण उद्योजकाचा वाहनावरील ताबा सुटला’. ताबाच तो, आपण होऊन सुटला, उद्योजक काय करणार बिचारे! गॅरेजमधल्या पोराने तेच केलं असतं तर ‘वेगाचा माज’ झाला असता. पुढे हेच चिरंजीव आमच्या पट्टीवर ढाल जिंकले, तर क्रीडापानावर ‘मोटरस्पोर्टमधला नवा तारा’. म्हणजे ढाल मिळाली की मोटरस्पोर्ट, रक्त सांडलं की ड्रॅग रेस. मोठा सोयीचा शब्दकोश आहे.

जेवताना लेकीला हे वाचून दाखवलं. तीही आमच्या पट्टीवर धावते, माझ्याच हाताखाली शिकली. म्हणाली, “सोड ना आई. छापू दे काय छापायचं ते.”

“सोड कसं? परवाना देणारे साहेब पेपर वाचूनच मत बनवतात. शुक्रवारी सुनावणी आहे. पट्टी बंद झाली तर ही सगळी पोरं कुठे जाणार? रस्त्यावरच ना?”

ताटावरून उठून गेली. चार शब्द ऐकवत नाहीत हल्ली कुणाला.

बुधवार, ६ मार्च

आजचा मथळा – ‘ड्रॅग रेसचं भूत कोण उतरवणार?’ आता वाहतूक पोलिसांऐवजी मांत्रिक नेमा.

संपादकांना फोन केला. आवाज चढवला नाही. तरी ते घाबरले.

गुरुवार, ७ मार्च

वार्ताहर आज पट्टीवर आला. संपादकांनी पिटाळलेला, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. त्याला गाडीत बसवून सगळे पट्टे आवळले.

“श्वास घेता येत नाहीये हो.”

“बोलता येतंय ना? मग येतोय श्वास.”

तासाभरात मऊ झाला. “बाई, चुकलंच आमचं. उद्या खुलासा छापतो,” म्हणाला. मावशीची बाई झाले. प्रगती आहे.

जाता जाता त्याने मोबाईल पुढे केला. पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात अपघाताचं चित्रण सापडलंय. “दुसऱ्याची मस्ती बघा. मागे बाई पडलीय, आणि हा पुढे थांबून मजा बघतोय. हाच मथळा देतोय, ‘थांबून पाहिला तमाशा’.”

पाहिलं. गाडी पांढरी, नंबरावर कापड. पुढे निघाली, वेग उतरवला, डाव्या कडेला गेली, दिवे उघडझाप करत उभी राहिली.

ती मजा पाहत नव्हती. शेवटची रेघ ओलांडली की डावीकडे थांबायचं, दुसरी गाडी पट्टीबाहेर वळेपर्यंत जागचं हलायचं नाही. हा आमचा नियम. मीच घोकून घेतलेला. रस्त्यावरची पोरं अशी थांबत नाहीत, सुसाट निघून जातात. ही सवयीने थांबली होती. दुसरी गाडी येईल म्हणून वाट पाहत होती.

म्हणजे आमच्यातलंच कुणीतरी.

मग खिडकीतून हात बाहेर आला आणि छतावर दोनदा थापटून आत गेला. असं थापटणारं आमच्या क्लबात एकच माणूस आहे. दर शर्यतीला मी ओरडते, हात आत घे.

वार्ताहराला म्हटलं, “हा मथळा आज देऊ नका.”

“का बाई?”

“चुकीचा आहे.” पुढचं सांगितलं नाही. आधी घरी विचारायचं आहे.

शुक्रवार, ८ मार्च

लेकीने नाकारलं नाही. “मी वळून परत आले होते, आई. लोक जमलेले. उतरले असते तर तुझी पट्टी बंद पडली असती.”

“पट्टी माझी. पाय त्या बाईचा होता,” म्हटलं. तिने पायांत चपला घातल्या.

सकाळी खुलासा छापून आला. ‘सदर प्रकार बेकायदा शर्यतीचा असून क्लबच्या कोणत्याही सदस्याचा त्याच्याशी संबंध नाही.’ वार्ताहराला फोन करून दुसरा अर्धा मागे घ्यायला लावला. पहिला तसाच ठेवा म्हटलं. सुनावणीच्या साहेबांनाही तेच कळवलं.

पोलीस ठाण्यात जमा केलं – पांढरी गाडी, दोन्ही किल्ल्या, माझी मुलगी.

पोच गाडीची आणि किल्ल्यांची मिळाली.