एकसारखे बार

आई,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की माझं वय आता तुझ्या शेवटच्या वयाच्या जवळ येऊन पोचलंय. गेल्या महिन्यात इथे जे घडलं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, तेव्हा पहिल्यांदा तूच आठवलीस. काडतुसात दारू भरणं म्हणजे काय असतं, हे आपल्या घरात फक्त तुला माहीत होतं. तर आधी हे सांगतो, की मीही भरतो. कारखान्यात नाही गं, इथे परदेशात, पामर्स्टन नॉर्थला माझ्या गॅरेजमध्ये, हौस म्हणून. दिवसभर इन्स्टिट्यूटच्या लॅबमध्ये मातीचे नमुने तपासतो, शनिवारी गावाबाहेरच्या पिस्तूल क्लबात जातो. विकतची काडतुसं महाग पडतात, म्हणून वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन, ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवून, मोजून दारू घालून वर गोळी दाबायची, असं इथे पुष्कळ जण करतात. मला हे क्लबातल्या एका म्हाताऱ्याने शिकवलं. जन्मभर गाई सांभाळून आता निवृत्त झालाय. भेटला की "किया ओरा, मेट" असा इथला नमस्कार घालून पाठीवर अशी थाप मारतो की दोन पावलं पुढे जायला होतं.

तू दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला निघायचीस ते अजून डोळ्यांसमोर आहे. स्वयंपाकघरातल्या आरशासमोर उभी राहून तू केसांतला एकेक आकडा काढून वाटीत टाकायचीस, वेणी सुती नाडीने बांधायचीस, बांगड्या उतरवून ठेवायचीस. आत लोखंडाचा कणसुद्धा चालत नाही, ठिणगी उडते, म्हणायचीस. भरलेल्या पुंगळ्यांचे ट्रे तुझ्यासमोर येणार आणि तू ते पाहून पुढे सोडणार, एवढंच मला माहीत होतं. एका संध्याकाळी आपण जेवत होतो. तू घास हातात धरून थांबलीस आणि म्हणालीस, "आज एका ट्रेवर माझं लक्ष नव्हतं." बाबा म्हणाले, "अगं, पुढे अजून तपासणारे असतील ना." तुझ्या ताटातला भात तसाच राहिला. सकाळी तू नेहमीच्या आधीच्या बसने गेलीस, साहेबांची बोलणी खाऊन तो ट्रे परत काढायला लावलास आणि पुन्हा पाहिलास. सगळं ठीक होतं. संध्याकाळी येताना तू पेढे घेऊन आलीस. मी विचारलं, "कसले पेढे?" तू म्हणालीस, "काही झालं नाही, त्याचे." काही झालं नाही म्हणून कुणी पेढे आणतं का, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी दोन खाल्ले आणि खेळायला पळालो.

तुझी नात आता युनिव्हर्सिटीत आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर बहुतेक इंग्रजीत देते. लहानपणी माझ्यासोबत क्लबात येऊन गाडीत पुस्तक वाचत बसायची, आता स्वतः सभासद झालीय. त्या शनिवारी तिची पहिली स्पर्धा होती. रिव्हॉल्वर माझंच, काडतुसं मी आदल्या आठवड्यात भरलेली. मी उगीच ढिसाळपणे भरत नाही, आई. दर दहाव्या पुंगळीतली दारू काट्यावर तोलून पाहतो, आणि त्या दिवशीही प्रत्येक वेळी वजन बरोबर आलं होतं.

ती उभी आहे, कानांवर मोठे मफ, पाय जरा फाकवलेले. मी रेषेच्या मागे, म्हातारा माझ्या बाजूला. ठरलेल्या वेळात सहा गोळ्या झाडायच्या, म्हणजे घाई आलीच. पहिली, दुसरी नीट जातात. तिसऱ्या वेळी आवाजच येत नाही. म्हणजे येतो, पण ओल्या फटाक्यासारखा, फुस्स. दारू कमी पडली की गोळी नळीतच अडकून बसते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी हातातच फुटते. रिव्हॉल्वरचं तर असं, की चाप ओढला की पुढचं काडतूस आपसूक समोर येतं. तिचं बोट पुन्हा वळताना मला दिसतं. इथे अशा वेळी "सीझ फायर" ओरडायचं असतं. माझ्या तोंडून निघतं, "थांब गं!"

ती थांबली. बोट चापावरून काढून, नळी समोरच धरून, दगडासारखी उभी राहिली. सगळ्या रेषेवरचा गोळीबार बंद झाला. म्हाताऱ्याने पुढे होऊन रिव्हॉल्वर तिच्या हातातून अलगद घेतलं, उघडलं, काडतुसं काढली, नळीत पितळी सळई घालून पाहिली. सळई अर्ध्यावर अडली. त्याने टकटक करत गोळी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग एक न झाडलेलं काडतूस वेगळं काढून माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं. "हे पुढचं होतं," तो त्याच्या इंग्रजीत हळूच म्हणाला, "घरी जाऊन उघड. आणि पोरीला आधी चहा पाज." तिचे हात थंडगार पडले होते. माझे तिच्याहून जास्त.

दुपारी आम्ही दोघं गॅरेजमध्ये बसलो. तिची आई हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. प्लास्टिकच्या एका हातोडीत काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी सुटते आणि दारू वेगळी होते. खिशातलं काडतूस आधी उघडलं. मी दारू काट्यावर ओतली आणि आकडा पाहून खुर्चीला टेकलो. जवळजवळ दुप्पट होती. पुंगळी लांब, दारू तळाशी थोडीशी, त्यामुळे दुप्पट असली तरी वरून सहज कळत नाही. तिने काट्याकडे बघतच इंग्रजीत विचारलं, "डॅड, म्हणजे एकात नव्हतीच आणि तिची दारू पुढच्यात गेली?"

"हो. माप बरोबर होतं. दारू मोजून खाली सोडणाऱ्या यंत्राच्या नळीत कण एकमेकांत अडकले असणार. एका पुंगळीत जवळजवळ काहीच पडलं नाही, पुढच्या झटक्याला सगळं सुटून खाली आलं."

"पण तुम्ही वजन करता ना?"

"दर दहाव्याचं. ही दोन्ही मधली होती."

लॅबमध्ये मी रोज सरासरी काढतो आणि त्यावर समाधानी असतो. त्या डब्याचीही सरासरी अगदी चोख आली असती. पण पोरीच्या हातातून सरासरी सुटत नाही गं, एकेक गोळी सुटते. आम्ही सगळा डबा फोडला. ती हातोडी आपटायची, मी तोलायचो. प्रत्येक वेळी काटा स्थिर होईपर्यंत दोघंही श्वास धरून. बाकी सगळी जवळपास सारखी निघाली. शेवटची तोलून झाली तेव्हा ती एकदम हसायला लागली, मग रडली, मग म्हणाली, "आय ॲम स्टार्विंग." मी तिला पोहे करून दिले. ती खात होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होतो. दोन्ही हात, दहाही बोटं, चमचा धरलेला, लिंबू पिळणारी. त्या पेढ्यांचा अर्थ मला त्या ओट्यापाशी उभं असताना कळला, आई. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता मी दारू टाकली की पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतो आणि गोळी दाबण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून पाहतो. वेळ लागतो. भरताना फोन घेत नाही. दोन आठवड्यांनी तिची दुसरी स्पर्धा आली. मी विकतचा डबा आणून ठेवला होता. तिने तो बाजूला सारला आणि चक्क मराठीत म्हणाली, "नको. तू भरलेल्या गोळ्याच दे." एरवी मराठीत बोललीच तर मला तुम्ही म्हणते. मी दिल्या.

हे तुला पाठवायला पत्ता नाही आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही. तुझ्या सुनेला आम्ही एवढंच सांगितलंय की एक गोळी अडकली होती. पुढच्या काडतुसाचं सांगितलेलं नाही, नाहीतर गॅरेजमधलं सगळं सामान त्याच दिवशी घराबाहेर गेलं असतं. आणि एक गोष्ट तुझ्या नातीलाही माहीत नाही. त्या दुसऱ्या स्पर्धेत तिने छान गुण मिळवले. घरी येताना गाडीत तिने मला विचारलं, "ती शेवटची पाहिलीत ना? बरोब्बर मधोमध!" मी म्हणालो, "पाहिली की, मस्त होती." मी काहीच पाहिलं नव्हतं. पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत मी डोळे घट्ट मिटून उभा होतो आणि फक्त आवाज ऐकत होतो. सगळे एकसारखे होते.