लाव तिला

दादा,

आईच्या आवाजाची कॉपी पाठव, हा तुझा तिसरा मेसेज. हार्ड डिस्क सापडत नाही असं मी कळवलं, ते खोटं आहे. ती माझ्यासमोर टेबलावर आहे.

ऑफिसच्या मीटिंगा तिच्यात टाकताना नावं सारखीच निघाली, रेकॉर्डिंग एक, दोन, तीन. जुन्याच्या जागी नवं टाकू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि मी घाईत हो म्हटलं. आईच्या जागी आता आमचे साहेब कामाचा आढावा घेतात. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं आठवडाभर खटपट केली. म्हणाला, "ताई, नुसतं पुसलेलं परत आणता येतं. यावर दुसरं लिहिलं गेलंय."

बाबांना दिसत नाही. आई गेल्यापासून रोज चारचा चहा झाला की म्हणतात, "लाव तिला." दोन दिवस थापा मारल्या. तिसऱ्या दिवशी बाथरूमचं दार लावून आईच्या आवाजात तिचा छत्री हरवल्याचा किस्सा रेकॉर्ड केला. बाबा नेहमीच्या जागी हसले. मी सुटले, असं वाटलं. तेव्हापासून रोज सकाळी एक किस्सा करते.

काल माझा घसा बसला होता. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सर्दी झालीय तिला. उद्या बोलायला लावू नकोस."

म्हणून आज काही लावलं नाही. चार वाजता त्यांनी आतून हाक मारली. मला नाही, आईला.

मी "आले" म्हटलं, दादा. तिच्या आवाजात.

तुझी धाकटी