तुझ्या आवाजातला फोन

ब्रह्मपुरी तालुका
९ ऑगस्ट २०२५

प्रिय सुरेंद्रदादा,

नमस्कार. तू बरा आहेस असं धरून लिहिते. पुण्यातला हा पत्ता तुझ्या दोस्ताने, प्रफुल्लने दिला, पण ट्रकवाल्यांच्या त्या खोलीत तू अजून असतोस की नाही, हे त्यालाही नक्की सांगता आलं नाही. तुझा नवा नंबर कुणाकडेच नाही. म्हणून हे पत्र.

इकडे धानाची रोवणी आटपत आली. मायचे गुडघे दुखतात, तरी बांधीतल्या चिखलात उतरते. तलाव काठोकाठ भरलाय. बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, सकाळी जाळं घेऊन जातात.

मी सध्या अहेरीला असते, दोन दिवसांसाठी घरी आलेय. आमच्या कॉलेजच्या मॅडमचा अभ्यास चाललाय : फोनवरून फसवणारे माणसाला कसे पकडतात. पूर्वी लोकांना वाटायचं, अडाणी माणूसच फसतो. आता संशोधन करणारे तसं मानत नाहीत. शिकलेले, साहेब, मास्तर, सगळेच फसतात. मॅडम म्हणतात, फोन आला तेव्हा माणसाच्या मनात आधीच काय चाललं होतं, ते विचारा. मी गावोगाव जाऊन तेच विचारते आणि जाताना सांगते, अनोळखी नंबर उचलू नका. सोमारी नावाची मुलगी सोबत असते, ती हेच गोंडीत सांगते.

हे सगळं तुला का सांगतेय, ते लिहायला हात धजत नाही. मघाशी उठून अंगणात फिरून आले.

गेल्या महिन्यात भामरागडचा रस्ता पुराने बंद झाला, काम थांबलं, म्हणून मी न कळवता घरी आले. सकाळची वेळ. माय ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली. मला पाहून तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. साहेब आयकते."

आत बाबा लग्नाकार्याचा पांढरा सदरा घालून बसले होते. समोर तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन आणि त्यात एक वर्दीवाला. त्याचं म्हणणं : तुमचा मुलगा सुरेंद्र गांजाच्या ट्रकसह सापडलाय, केस मिटेपर्यंत तुम्ही कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, बँक उघडली की सांगू तसं करायचं. बाबा आदल्या दिवसापासून तसेच बसले होते. जेवले नव्हते.

दादा, यावरच तर मी लोकांना समजावत फिरते. मी सरळ फोनला हात घातला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"बंद नको करू. त्याले मारतीन."

"बाबा, हे खोटे पोलीस आहेत. सुरेंद्रदादानं काही केलं नाही."

"तुले कोनं सांगतलं? तुह्यासोबत बोलते का तो?"

तू जाळं सोडून ट्रकवर जातो म्हणालास, बाबांनी तलावावर चारचौघांत 'पुन्हा तोंड दाखवू नको' म्हटलं, आणि तू खरंच दाखवलं नाहीस. तू कुठे आहेस, काय करतोस, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या माणसाने काहीही सांगितलं असतं तरी आम्ही ते खोटं कशाच्या जोरावर म्हणणार होतो?

मग वर्दीवाला म्हणाला, मुलाशी बोला. आणि तू बोललास. "पप्पा, मला सोडवा, हे लोक मारतायत." तुझाच आवाज, रडणारा. मीही फोनवरचा हात मागे घेतला. बाबांनी फोन दोन्ही हातांत धरला, पाण्यातून मासोळी उचलावी तसा.

माय आत आली. थोडा वेळ ऐकलं. म्हणाली, "हे माह्या पोराचं बोलनं नोहोय. सुरेंद्र कधी पप्पा म्हनते का तुमाले?" आणि तिनेच फोन बंद केला.

नुकसान काही झालं नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तू सुरुवातीला इंटरनेटवर टाकलेल्या ट्रकवरच्या व्हिडिओंतून आवाज उचलून मशीनने तो बनवला असणार, असं मी बाबांना समजावलं.

"म्हंजे आवाज त्याचाच," बाबा म्हणाले.

"आवाज त्याचा. पण तो बोलला नाही."

"मंग रडला कोन?"

दुपारी मला गोठ्यामागे बोलावून हळूच म्हणाले, "तो नंबर हाये ना तुह्यापाशी? एकदा लावून पाय." मी म्हटलं, ते चोर आहेत बाबा. "मले मालूम हाये," म्हणाले. मी नंबर काढून टाकला. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता घरी कुठलाही फोन वाजला की ते धावतात. मोबाइल कंपनीचा असो, कर्जवाल्यांचा असो. "हां, बोल," म्हणतात आणि समोरचा थांबेपर्यंत ऐकत राहतात. अख्ख्या अहेरी तालुक्याला मी जे नको म्हणते, ते माझा बाप रोज करतो आणि मला त्यांना अडवता येत नाही.

मॅडमनी विचारलं, वडिलांची मुलाखत घेशील का. काल धीर करून घेतली. इतरांना विचारते तेच विचारलं : पोराला पकडलंय असं ऐकल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं? मला वाटलं भीती म्हणतील, अब्रू म्हणतील.

बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसले. मग म्हणाले, "बरं वाटलं. पकडला गेला त गेला, जिता हाये म्हनलं."

हे मी मॅडमना अजून पाठवलेलं नाही. आधी तुला पाठवतेय.

घरी ये असं मी म्हणत नाही. राग सोड असंही नाही, तुझा राग तुझ्यापाशी ठेव. फक्त त्यांना रोज कुणाही परक्याचं ऐकत बसावं लागू नये, एवढं कर.

तुझ्या खऱ्या आवाजाची वाट पाहणारी,
डिंपल