तापलेल्या गाडीचं झाकण

१२ मार्च

चि. पोपट यास ताईचे आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही.

बाबांचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत भाजला आहे. परवा आईला घेऊन निघाले होते, चढावर गाडी तापली. बाबांनी बोनेट उघडलं, ओला टॉवेल टाकला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून वर आलं. आई म्हणत होती, थोडं थांबा. बाबा म्हणाले, आपला पोरगा व्हिडिओत सांगतो, ओल्या टॉवेलने एका झटक्यात फिरवलं की काही होत नाही.

हा माणूस जन्मभर बस चालवत होता. लहानपणी गाडी तापली की आपल्याला रस्त्याच्या कडेला बसवून ठेवायचा. रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपावर तळहात टेकवून आपल्या दोघांची पूर्ण नावं सावकाश म्हणता आली, तरच झाकणाला हात. त्याने तुझं ऐकलं. तुला साधं चाक बदलता येत नाही, मागच्या खेपेला मी बदललं होतं.

तो व्हिडिओ आजच्या आज काढ. आई तुझं नाव घेत नाही. लोभ सध्या फडताळात ठेवला आहे.

ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी बाबांना फोन केला होता, ते तर किरकोळ आहे म्हणाले.

पण ताई, मी हे मनाने सांगितलेलं नाही. दहा जणांनी तेच दाखवलंय, मी फक्त सोपं करून सांगितलं. शिवाय स्वतःच्या जबाबदारीवर करावं, असं खाली लिहिलंय. बाबांनी टॉवेलची घडी नीट घातली नसेल. नोकरी सोडून मी यात उतरलोय, आणि माझा हा एकच व्हिडिओ चालतो. तो काढून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ का? बाबा बरे झाले की सगळं निवळेल.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा पोपट

२४ मार्च

पोपट,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला.

धोंडा पडायचा तो पडला, फक्त पाय तुझा नव्हता. टॉवेलची घडी नीट नसेल, हे लिहायला तुझा हात धजावला कसा? काल तुझा व्हिडिओ नीट बघितला. तू झाकण काढतोस तेव्हा वाफेचा एक धागाही वर येत नाही. दुसरा हात तर तू निवांत इंजिनवर टेकवला आहेस. गाडी गार होती. तापलेल्या गाडीचं झाकण तू जन्मात उघडलेलं नाहीस. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या दहा जणांनी कुणाचं ऐकलं, हे तरी विचारलंस का?

बाबा काय करतात ऐक. पट्टी बदलायला नर्स येते, तेव्हा डाव्या हातात फोन धरून तिला तुझे व्हिडिओ दाखवतात, हा माझा मुलगा म्हणून. हात कसा भाजला असं तिने विचारलं, तर म्हणाले, म्हातारपणी घाई झाली. मी उठून बाहेर गेले. बोटं पुन्हा पूर्ण मिटतील की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

व्हिडिओ अजून तिथेच आहे. तोवर माझ्याकडे लोभ मागू नकोस.

ताई

२ एप्रिल

चि. पोपट यास अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. तुझ्या ताईला वाटतं मला राग येत नाही. येतो. नर्ससमोर घरची अब्रू राखली, एवढंच.

गाडी तापली की मी भर उन्हात अख्खी बस खाली उतरवायचो. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण झाकणाला हात लावला नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर हसून फोन बंद केला असता. तू सांगत होतास. म्हटलं, नव्या गाड्यांचं काही निघालं असेल, पोरगं शिकून सांगतंय. माझ्यावरचा राग माझा मी बघीन. तुझ्यावरचा वेगळा आहे.

तुझ्या व्हिडिओखाली एका बाईने विचारलंय, गाडी जुनी आहे, मुलांना घेऊन लांब जायचंय, वाटेत तापली तर असं केलेलं चालेल का. तू उत्तर दिलंस, बिनधास्त. ती बाई निघाली असेल का, हेच माझ्या डोक्यात फिरतं. हात दुखतो त्याहून ते जास्त छळतं.

हे पत्र वाचून पाणीही पिऊ नकोस, आधी तिला उत्तर दे. मग व्हिडिओ काढ. आणि रविवारी कॅमेरा घेऊन इकडे ये. गाडी तापवून दारात उभी करू. तुझं तोंड दाखवू नकोस, माझा हात दाखव, पट्टी उघडून. मग इंजिन गार होईपर्यंत कॅमेरा चालू ठेव, मधला वेळ कापू नकोस. लोक कंटाळून बंद करतील, करू देत. तू माझ्याशेजारी बस. पाइपावर तळहात टेकव आणि तुझं नि ताईचं पूर्ण नाव सावकाश म्हण. म्हणून होईपर्यंत हात टिकला, की झाकण तू उघड.

आशीर्वाद नेहमीचेच, राग उतरेल तेव्हा उतरेल.

बाबा