दर शनिवारी नवी कॅसेट

वांकिडी
४ फेब्रुवारी १९९२

ती. अक्कास,
महिपतचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडं आमी दोघं मजेत. तुझी शाळा अन् खुशालभाऊजींची बस कशी काय चालू आहे?

खबर अशी, की माही गप्पांची कॅसेट निघाली. घरच्या टेपवर बोललो, चंद्रपुरातून नकला काढून आणल्या अन् बाजारात मांडल्या. दुपारपर्यंत एकही उरली नाही. कचेरीत नऊ वर्षं शेतजमिनीच्या पहाणीच्या उताऱ्यांच्या नकला लिहून राह्यलो, त्या वाचून आजवर एक माणूस हसला नाही. म्हणून ठरवलं, की मंडल कचेरीची कारकुनी सोडाची अन् पूर्णवेळ हेच कराचं. चंद्रपूरचे डोमाजी सर ‘चाळीस दिवसांत पूर्णवेळ कलावंत’ असा वर्ग घेतात, त्यात नाव घातलं. सरांचं म्हणणं, नोकरी म्हणजे कलावंताच्या गळ्यातलं लोढणं. राजीनामा लिहिला आहे, तुला दाखवाले सोबत जोडतो. रुख्मिणी वाचून गप्प आहे, म्हणजे तिले पटलं असावं.

भाऊजींना जयभीम. धाकटा म्हणून रागव, पण पत्र टाकत जा.
तुझा
महिपत

मावला
११ फेब्रुवारी १९९२

चि. महिपत यास,
मनकर्णाचे अ. आ. व जयभीम. राजीनामा मिळाला. एका पानात सात चुका आहेत, आणि पहिली ‘राजीनामा’ याच शब्दात. साहेबांनी तो परत पाठवला तर तुझ्या गुणांमुळे पाठवला असे समजू नकोस.

डोमाजी सरांची स्वतःची एक तरी कॅसेट कोणी ऐकली आहे का, तेवढे विचारून कळव. मला तर दिसते, की कॅसेट कशी विकावी हे सांगणे एवढाच त्यांचा माल आहे आणि गिऱ्हाईक तू आहेस. आणि रुख्मिणी गप्प आहे म्हणजे तिला पटले, असे समजणारा माणूस लोकांना माणसांच्या गमती सांगायला निघाला आहे! यावरच एक कॅसेट काढ.

आपले बाबा पाटलाकडे सालदार. कचेरीत काम पडले तर दाराबाहेर उभे राहायचे. तुला तिथे खुर्ची मिळाली तेव्हा धुतलेले धोतर नेसून आले आणि तासभर तुझ्या टेबलासमोर बसून गेले. काम काहीच नव्हते. हे विसरू नको.

आता घरातली गोष्ट, कोणाजवळ काढू नकोस. यांचा डावा कान पार गेला आहे, उजव्यानेही फारसे ऐकू येत नाही. उटनूरला उतरणारा ओरडून थकतो, आणि हे त्याला पुढच्या गावाला नेऊन सोडतात. परवा तर एका नवरीच्या मामाला लग्नाच्या उलट दिशेला नेले. डेपोत अजून कळलेले नाही. कंडक्टरची नोकरी गेली तर यांचे काय, या काळजीने मला घास उतरत नाही. म्हणून म्हणते, घरातली एक खुर्ची तरी जागेवर राहू दे. फारच खाज असेल तर सहा महिने बिनपगारी रजा घे.

रुख्मिणीला आशीर्वाद. तिला बोलते कर. टेप बंद ठेवून.
तुझी
अक्का

वांकिडी
२० एप्रिल १९९२

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं ऐकून रजाच घेतली. पण अक्का, कचेरी बरी होती अशी मेहनत आहे. डोमाजी सरांचा नियम, की दर शनिवारी नवी कॅसेट निघालीच पाह्यजे. एक शनिवार चुकला की लोक आपल्याला विसरले. पहिल्या महिन्यात गाव संपलं. मंग सासुरवाडी काढली. सासूबाईंच्या कवळीवर एक पूर्ण बाजू झाली, आता त्या घरी येत नाहीत. रुख्मिणी मार्चपासून बोलत नाही, तर तिच्या न बोलण्यावर अर्धा तास बोललो. सर म्हणाले, खरा माल घरातच असते, बाहेर काऊन शोधता?

या शनिवारची कॅसेट मात्र अशी चालून राह्यली की विचारू नको. पानठेल्यावर तेच, बसमध्ये तेच. काय आहे ते भेटीत सांगतो.

मायेनं आठवण ठेव.
तुझा
महिपत

मावला
९ मे १९९२

महिपत,
वर ‘चिरंजीव’ लिहिले नाही, ते मुद्दाम.

रुख्मिणीला भेटायला म्हणून काल तुमच्याकडे निघाले. यांचीच बस होती. इंद्रवेल्ली सुटल्यावर ड्रायव्हरने कॅसेट लावली. कोणी पुरुष बाईचा आवाज काढून एका कजाग मास्तरणीचे पत्र वाचत होता. राजीनाम्यात सात चुका म्हटल्याबरोबर बस हसली. मीही हसले. वाक्य ओळखीचे वाटले, तरी हसले. शेजारची बाई म्हणाली, की काय जहरी बहीण आहे, भावाचे कसे होत असेल. मग मला कळले, की पत्र माझेच आहे.

पुढे कान आला. नवरीचा मामा आला. तू नावे गाळलीस, मोठा उपकार केलास. या रस्त्यावर उटनूरच्या माणसाला पुढे नेणारे कंडक्टर किती आहेत? एकेक जण वळून यांच्याकडे पाहू लागला. हे माझ्याच बाजूला तिकिटे फाडत उभे होते. त्यांना टेपमधले एक अक्षर ऐकू आले नव्हते. सगळे आपल्याकडे पाहून हसतात, म्हणून तेही हसले. बराच वेळ हसत राहिले.

मी उटनूरला उतरून परत आले.

बाबा धोतर धुऊन आले होते तो मजकूरही वाचलास का? तिथपर्यंत ऐकायला मी थांबले नाही.
मनकर्णा

वांकिडी
२३ मे १९९२

ती. अक्कास,
जयभीम. बाबांचं वाचलं नव्हतं. त्यात हसण्यासारखं काही नाही म्हणून गाळलं होतं. हे लिहिताना मालेच लाज वाटून राह्यली.

खोटं बोलत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा डोमाजी सर इथंच होते. ते म्हणाले, आता माफीची कॅसेट काढा, दुप्पट खपेल. अन् अक्का, सर गेल्यावर मी टेपपाशी जाऊन बसलो होतो. सुरुवात कशी कराची ते मनात जुळवून राह्यलो होतो. रुख्मिणी चुलीपासून उठून आली, तिनं वायरच ओढली. म्हणाली, की आता बोलते, आता ऐकणारा कोणी नाही. मंग दोन महिन्यांचं बोलली.

दुसऱ्या दिवसापासून केरामेरी, जैनूर, आसिफाबाद असे सगळे बाजार फिरलो. दुकानातल्या कॅसेटी उचलल्या, पण विकलेल्या कोणी परत देत नाही. एकानं तर मास्तरणीचं पुढचं पत्र कधी येते म्हणून विचारलं. सोमवारी रजा मोडून कचेरीत रुजू झालो. डोमाजी सर आता वर्गात माह्यं नाव घेऊन सांगतात म्हणे, की त्यांच्या शिष्याची कॅसेट दर बसमध्ये वाजते.

भाऊजींसमोर कसं यावं, ते तूच सांग.
महिपत

मावला
२ ऑगस्ट १९९२

चि. महिपत यास,
अ. आ. व जयभीम. रुजू झालास, बरे केलेस.

यांनी स्वतःच डेपोत जाऊन कानाचे सांगितले. तपासणी झाली. रस्त्यावरचे काम काढून पार्सलच्या खोलीत बसवले आहे. नोकरी राहिली. गेल्या आठवड्यात नागपूरहून कानाचे मशीन आणले. पहिले दोन दिवस कुकरच्या शिटीला दचकत होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या माणिकरावांकडून ती कॅसेट मागून आणली आणि मला समोर बसवून पूर्ण ऐकली.

ऐकून झाल्यावर रागावले नाहीत. म्हणाले, की महिपतचा आवाज चांगला आहे. मग विचारले, त्या दिवशी बसमध्ये हेच लागले होते का. मी हो म्हटले. थोड्या वेळाने विचारले, की तेव्हा तूही हसली होतीस का.

तू दर शनिवारी तासभर बोलत होतास. मला एक वाक्य सुचव. दोन दिवस झाले, ते उत्तराची वाट पाहत आहेत, आणि मशीन कानातून काढत नाहीत.

दोघे या. यांनीच बोलावले आहे.
तुझी
अक्का