तिसरा गोल

चि. आदेश,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहिते.

सव्वीस वर्षं शिकवल्यावर आम्हाला सांगण्यात आलं, टीईटी पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा. त्या रविवारी मी परीक्षेला बसले आणि वर्गावर पर्यवेक्षक म्हणून तू आलास. ओळख दाखवली नाहीस. मला बरंच वाटलं.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा गणिताच्या एका प्रश्नावर मी अडले होते. तू हजेरीची सही घ्यायला वाकलास आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर त्या प्रश्नाच्या तिसऱ्या गोलापाशी बोट टेकवलंस. मी तोच गोल काळा केला.

काल निकाल लागला. पास व्हायला लागतात तेवढेच मार्क पडलेत, एकही जास्त नाही.

चौथीत तू शेजारच्याच्या पेपरात बघितलंस म्हणून मी तुला नापास केलं होतं. तुझे बाबा जोहे गावच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातून तसेच आले, हाताला रंग लागलेला. म्हणाले, "बाई, एक डाव सोडा. परत नाय करायचा तो." मी म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

तुझं ते बोट दयेचं होतं की त्या वर्षाची परतफेड, मला कळत नाही. विचारायचं धाडसही नाही.

आज चाचणीत दिपिका शेजारणीच्या वहीत बघत होती. मी खिडकीकडे तोंड केलं आणि तिचं लिहून होईपर्यंत तशीच उभी राहिले.

म्हात्रे बाई
रोहा